टिचकी

खानापुरात माझा बाप, मष्णू,
भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घागरीला
टिचकी मारून कान द्यायचा.
'ही बोलते. ही बद्द. ठेव बाजूला.'
कसं कळलं, ते सांगायचा नाही.
विचारलं तर टिचकी माझ्याच कपाळावर.

मी उद्यमबागेत, फौंड्रीत.
वाळू झाडून निघालेलं बीड
हातोडीनं ठोकून बघतो.
आत पोकळी असली की
आवाज पायरी चुकल्यासारखा पडतो.
सुपरवायझर म्हणतो, मशीन येणार आहे.
नऊ वर्षं येतंय.

आणि काल वैजू, वय सात,
दप्तर टाकता टाकता:
'शाळेची घंटा तडकलीय, अप्पा.
कुणालाच ऐकू येत नाही.'

हात कपाळाकडे निघाला होता माझा,
तो तिच्या केसांत ठेवला.

रात्री ताटल्या, पेले, कुकरचं झाकण,
घरमालकाची तुळशीची कुंडीसुद्धा
ती वाजवत बसली. मी टीव्ही बंद केला.
एवढंच केलं.
शेजारचा मिक्सर थांबेपर्यंत
दोघंही थांबलो.

तिची आई बैलहोंगलची.
पोळपाट पुढं सरकवत म्हणाली, 'केळु.'
कानडीत ऐक म्हणजे केळु,
विचार म्हणजेही केळु.
वैजूनं दोन्ही केलं:
पोळपाटाला कान लावला,
मग मला, 'आजोबांना कुणी शिकवलं?'

ठाऊक नाही.
रविवारी खानापूरला जाऊ.
भट्टी कधीची थंड,
पण परसात तीन घागरी पालथ्या आहेत अजून.
त्यातली एक बद्द.
कुठली, ते मी सांगणार नाही.