सात पॉइंट दोन

सावर्ड्याच्या तिठ्यावर आमची फार्मसी.
समोर ट्रकांचा वजनकाटा.
खाणी बंद झाल्यापासून त्यावर कुत्री झोपतात.

दुर्पदी वेळीप रिवणहून आली, पावणेअकराच्या बसने,
कागद पदराखाली, पाऊस नसतानाही.
हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन.
"हें कमी मूं?"
मी म्हटलं, बारा तरी हवं.
ती बोटांवर मोजत राहिली,
मासळीवाली मोजते तशी, ओठ न हलवता.
चार पॉइंट आठ.
कोणाकडे राहिले?

मी काय सांगणार.
तिच्या घरामागचा डोंगर वीस वर्षं
ट्रकात बसून धक्क्यावर गेला, धक्क्यावरून बार्जमध्ये,
आणि मुरगांवहून कुठल्याशा देशात.
दोरीवर वाळत घातलेली तिची प्रत्येक साडी
एकाच रंगाची व्हायची.
विहिरीत लोह, भाताच्या पेजेत लोह,
पोराच्या नाकपुडीत लोह.
पहिल्या खेपेला पोटुशी असताना
ती चोरून भिंतीची माती चाटायची.
सासूने पाठीत रट्टा घातला.
डॉक्टरला कुणी सांगितलं नाही.

मी पट्टी कापली. लाल गोळ्या, वाटाण्याएवढ्या.
उपाशीपोटी घे. मळमळलं तर जेवणावर.
लिंबाच्या पाण्याबरोबर घे, म्हणजे अंगी लागते.
चहाबरोबर नको गं, चहा तिला वाटेतच अडवतो.
ही पांढरी कॅल्शियमची, ती रात्री.
दोघींना एका पंगतीला बसवू नको.
शी काळी होईल, भिऊ नको.
बरं वाटायला लागलं की सोडतात सगळ्या,
तू सोडू नको.
ती म्हणाली, "परत सांग."
मी परत सांगितलं.

माझ्या काउंटरवर सगळेच काही ना काही कमी घेऊन येतात.
शाबी मास्तरांच्या तळपायांना मुंग्या यायच्या,
ते महिनाभर पलंगाच्या पायांना हळद लावत होते.
बी-ट्वेल्व्ह निघालं शेवटी.
पाच सुया झाल्यावर म्हणाले, चप्पल पायात आहे हे आता कळतं.

चांदरची आर्सेनियाबाय उलट, जास्तीची.
मुलगा तारवावर. दर सुट्टीला
बरणीएवढी बाटली आणतो, तीसजणांना पुरेल अशी,
वर सायकल चालवणारं हसरं म्हातारं जोडपं.
पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून ती दिवसाला तीन घेते.
मी सांगते, बाय, ए आणि डी पाण्यात विरघळत नाहीत,
लघवीवाटे निघून जात नाहीत,
अंगातच राहतात, जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यांसारखे.
ती बाटली हलवते, आतला आवाज ऐकते.
"रावंदी," म्हणते. "घरांत हांव एकटीच."
तेव्हा मी गप्प बसते.
मग एकीवर आणते, हळूहळू, दोन वाऱ्या करून.

चवथ होऊन गेल्यावर दुर्पदी पुन्हा आली.
दहा पॉइंट एक.
आभार वगैरे नाही. काउंटरवर तांबड्या भाजीची जुडी,
मुळांना माती तशीच.
म्हणाली, घराकडच्या चढणीवर आधी पाच वेळा थांबायचे,
आता दोनदा, आणि दुसऱ्यांदा
थांबते ती फक्त शेजारणीशी बोलायला.
गोळ्या आणखी दोन महिने, मी म्हटलं.
ती ऐकत नव्हती. माझ्याकडे बघत होती,
कागद बघायची तशी.
"बाये, तुजे ओंठ धवे कशे?"

माझ्या मागे, कफ सिरपच्या फळीवर,
चहा. साय धरलेला, तिसरा.
त्याच्या बशीत लाल पट्टी, जूनमधली,
दहापैकी आठ शिल्लक.

मी कप आडोशाला सरकवला.
बिल करायचं होतं, मागे गिऱ्हाईक खोकत होतं.
बसस्टँडच्या गाड्यावर लिंबं दहाला तीन.
मी गल्ल्यात सुटे शोधू लागले.