दीड टक्का

बोर्डाची सभा शाळेच्या वाचनालयात,
दुसरीच्या मुलांच्या खुर्च्यांवर.
गुडघे हनुवटीशी घेऊन बसलो आम्ही
एकेचाळीस शिक्षक, एक बसचालक,
आणि रोझालिंड पिट, जी निवृत्त झालीय
पण सवय सुटत नाही म्हणून येते.
मे महिन्यात वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या.
या वेळी दीड टक्का म्हणतात.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
टेबलावर अंड्याच्या आकाराचा टायमर,
कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आणलेला.
एल्डन क्रॅबट्रीने पाच वर्षांच्या भाडेपावत्या आणलेल्या,
रंगीत क्लिपा लावून, वर्षवार.
तिसऱ्या वर्षाच्या मार्चपर्यंत पोचला
आणि अंडं वाजलं.

माझी पाळी सातवी.
मी शंभर चौकटींचा चौरस वर धरला,
सातवीला देते तोच.
म्हटलं, यातली दीड चौकट रंगवायची असते,
मुलं दरवर्षी विचारतात,
अर्धी कशी रंगवायची, आडवी की तिरपी?
कुणीतरी हसलं. अध्यक्षही हसले,
भला माणूस आहे, पाण्याचे पंप विकतो.
घरभाडं, पेट्रोल, सुजलेली दाढ,
सगळं वाचलं मी त्या कागदावरचं.
एक ओळ सोडली.

ती ओळ अशी:
मंगळवारी आणि गुरुवारी, शाळा सुटल्यावर,
नेवाडाच्या सरळसोट रस्त्याने चाळीस मैल जाऊन
मी प्लाझ्मा विकते.
उजवा हात त्यांच्याकडे,
डाव्याने वह्या तपासते; डावखुरी असण्याचा एवढाच फायदा.
तिथे सुई टोचते ती मार्लिस,
माझ्या वर्गातल्या ट्रेव्हनची आई.
पहिल्या दिवशी दोघींनी ओळख दाखवली नाही.
दुसऱ्या खेपेला शीर चाचपताना तिने विचारलं,
अपूर्णांक जमतायत का त्याला?
छेद समान करायला विसरतो, मी म्हटलं.
मूठ आवळा, ती म्हणाली.
तेव्हापासून आमची पालकसभा तिथेच भरते,
पिवळसर पिशवी भरेपर्यंत.

आज ती शेवटच्या रांगेत होती,
केंद्राचा निळा गणवेश अंगावर.
बाराव्या क्रमांकावर उठली. कागद नव्हता.
म्हणाली, नावं सांगायची नसतात, नोकरी जाईल.
पण दर गुरुवारी माझ्या खुर्च्यांवर
या शाळेतले तिघं असतात.
एवढं बोलून बसली.
अंड्यात अजून अडीच मिनिटं शिल्लक होती,
ती टिकटिकत राहिली.

तिघं.
मी मनात बोटं मोजली: मी एक.
वाचनालयाचा एसी बिघडलेला,
सप्टेंबरचं वाळवंट खिडकीला टेकलेलं,
आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं,
किती जण पूर्ण बाह्यांत आलेत.

अध्यक्षांनी घसा साफ केला.
तुमच्या भावनांची नोंद घेतली आहे, म्हणाले,
निर्णय पुढच्या सभेत.
पुढचा विषय, फुटबॉल मैदानाचं गवत.

एल्डन पावत्या गोळा करत होता.
एक क्लिप घरंगळत माझ्या पायाशी आली.
ती द्यायला मी हात पुढे केला,
त्याने डाव्या हाताने घेतली, अवघडत,
उजवी बाही मनगटापर्यंत ओढून.
"गुरुवारी किती वाजता जातेस?" त्याने विचारलं,
"गाडी एकच नेऊ. पेट्रोल वाचेल."