मांजरपुदिना, तिसऱ्या गेटाजवळ

फिलोमिना मिसनी कॅम्पातलं घर सोडलं त्या दिवशी
माझ्या हातात ठेवला एक बिस्किटांचा डबा,
झाकण नसलेला. आत तांबडी माती
आणि राखेत बुडवून काढल्यासारखी चार पानं.
"सिस्टर, याचे लाड करू नका," एवढंच म्हणाल्या,
"लाड केले की आडवं पडतं."

छत्तीस वर्षं मी सिव्हिलला काढली.
दोन-दोन तासांनी कूस बदलायची,
सहाला थर्मामीटर, दहाला सलाईन,
बारा नंबरच्या आजोबांना चमच्याचमच्यानं पेज.
लाड नव्हते ते, ड्युटी होती.
पण हातांना फरक कळत नाही.

म्हणून पहिल्या वर्षी शेणखत घातलं,
सकाळ-संध्याकाळ पाणी,
ऊन लागू नये म्हणून वर जुनी साडी बांधली.
रोप भसाभसा वाढलं, मधोमध फाटलं
आणि अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसारखं
चारी बाजूंना पसरून राहिलं.
श्रावण संपेतो मुळं कुजली.
उरली एक फांदी, करंगळीएवढी.

ती मी वैतागून कुंपणाशी नेली,
जिथं खानापुरी कौलांचा चुरा पडलाय, जांभ्याच्या कपच्या,
जिथं पाणी उभंच राहत नाही.
खोचली
आणि विसरले.

विसरायलाही शिकावं लागलं, खोटं कशाला बोलू.
अजून रात्री तीनला जाग येते,
पाय आपोआप चपला शोधतात.
गेटावरून मालगाडी जाते, खिडकीची काच थरथरते,
बेल कुणाचीच वाजलेली नसते.

माघात पलीकडच्या नीलव्वा हुक्केरी कंपाउंडवरून वाकल्या:
"एन्री इदु? आमचा बोका काय करूलालाय बघा की वो!"
बोका म्हणजे कल्लाप्पा. एक कान फाटका,
अख्ख्या गल्लीशी वैर.
तो लोळत होता. गाल घासत होता, लाळ गाळत होता,
आपलीच शेपटी अनोळखी असल्यासारखी पकडत होता,
आणि त्याच्या पाठीखाली
निळ्या-जांभळ्या तुऱ्यांचा एक ठोंब,
निम्मा चेंगरलेला, निम्मा उभा,
त्याच्यावर मधमाश्या, बोक्याला न जुमानता.

त्यांनी नाव विचारलं.
"मांजरपुदिना," मी जागच्या जागी बनवलं.
"बेक्किन सोप्पू," त्यांनी जागच्या जागी बनवलं.
बोक्यानं दोन्ही ऐकली नाहीत.

फुलं वाळली की निम्म्यावर छाटायचं,
हे मिसनी मागाहून सांगितलं, म्हापशाहून, फोनवर.
माझ्याकडं बँडेज कापायची कात्री आहे,
रिटायर होताना चुकून पर्समध्ये आलेली
(चुकून नव्हे, पण असो).
पहिल्यांदा हात अडखळला.
जिवंत काही कापताना मी नेहमी कुणाला तरी विचारत आले,
डॉक्टर असायचे, सही असायची.
इथं फक्त ऊन.
छाटलं. तीन आठवड्यांत पुन्हा तुरे,
जणू मी काही केलंच नव्हतं.

बोटांना वास राहतो, पुदिन्याचा नव्हे पुरता,
थोडा कापराचा, थोडा ओल्या लोकरीचा.
साबणानं जात नाही. मी फार घासतही नाही.

काल नीलव्वांनी विचारलं,
"पाणी घातलं का हो सिस्टर त्याला?"
"आठवत नाही," म्हणाले.
आणि खरंच
आठवत नव्हतं.