नखं

सोमवारी प्रार्थना झाली की नखं तपासतात.
धोत्रेबाई पट्टी घेऊन येतात. मारत नाहीत,
मोजतात.
माझ्या करंगळीचं नख बरंच पुढे आलेलं,
खाली शिसाचा काळा, थोडी चिंच.
सगळी सातवी ब फिदीफिदी.

"वर्षभर कापलं नाहीस तर किती वाढेल, वांजळे?"
"आई आधीच ओरडेल, बाई."
"चारेक सेंटिमीटर," बाई म्हणाल्या.
"आणि आपली भूमी? पाच.
दरवर्षी पाच सेंटिमीटर, ईशान्येला,
स्वारगेटचा डेपो, पर्वतीच्या पायऱ्या,
तुझ्या डब्यातली उसळ,
काही न सांडता घेऊन."

बाईंचे वडील पाट्याला टाकी लावायचे.
दारोदार हाक, खांद्यावर छिन्नी-हातोडा.
म्हणून खिडकीतून वेताळ टेकडीची खाण दिसली
की बाई काळ्या दगडाबद्दल
चुलत्याबद्दल बोलावं तशा बोलतात.
"हा तापट होता लहानपणी. पातळ, लाल.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन उसवली
आणि हा आला, थरावर थर,
निवला, पुन्हा आला.
तेव्हा आपण इथे नव्हतोच.
विषुववृत्ताच्या खाली, समुद्रात, एकटे."

"म्हणजे पुणं समुद्रात होतं?"
"पुणं नव्हतं रे. पुण्याचा दगड होता."

मग सतरंजी आली.
मी आणि निंबाळकर, दोघांनी ती भिंतीला रेटली.
भिंतीपाशी घडी उठली, गुडघ्याएवढी.
"हा हिमालय. अजून वाढतोय.
अजून रेटताय तुम्ही."
निंबाळकरला घाम. मागच्या बाजूला
सतरंजीची जुनी शिवण टरकन् उसवली.
बाई हसल्या नाहीत.
"डोकं तिकडे आपटतं,
आणि उसण इकडे पाठीत भरते. कोयनेला.
जुनी भेग असते खोल, अडकून बसते,
पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखी.
ढकला, ढकला, ढकला, काही नाही,
आणि एकदम उघडतं. आपण आत तोंडावर.
धरणाच्या पाण्याचाही हात आहे म्हणतात त्यात.
कारण एकच नसतं."

गुरुवारी पहाटे मांडणीतली भांडी बोलली.
आधी बारीक, किणकिण,
उंदीर ताटांवरून पळावा तशी.
मी टेबलाखाली. पाय घट्ट धरला टेबलाचा.
एक. दोन. तीन.
बाई म्हणाल्या होत्या, पहिली लाट घाईची असते,
ढकलत येते, दुसरी मागून, डोलत.
सहा. सात.
ताई ओरडली, तिला ओढलं आत,
तेवढ्यात एक आकडा निसटला बहुतेक.
चौदा, किंवा पंधरा,
आणि मग फरशीच डाव्या अंगाला कलली,
पंखा बंद असून झुलला,
बाबा उशाला चष्मा शोधत होते.
पुरं मिनिटही नाही. मग कुत्री.

शाळेत मी सांगितलं, पंधरा.
"आठाने गुण," बाई म्हणाल्या,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की नख कापलेलं नाही हे मी विसरलो.
एकशेवीस किलोमीटर. साधारण.
बाईंनी महाराष्ट्र काढला, पुण्याला दोरी धरली,
खडूने वर्तुळ फिरवलं.
ते कोयनेच्या बरंच जवळून गेलं.
नगरजवळूनही गेलं.
थोडं समुद्रातूनही गेलं.

"मग कुठे झाला, बाई?"
"एकट्या पुण्याला कळत नाही ते."
वर्ग गप्प. असं आम्हाला
कधी कुणी सांगितलं नव्हतं.
"अजून दोन गावं लागतात.
तिन्ही वर्तुळं जिथे भेटतील, तिथे.
कुणाची आत्या आहे साताऱ्याला?
रत्नागिरीला मामा? त्यांनी मोजले का आकडे?"

निंबाळकरच्या मामाने मोजले नव्हते.
ते देवाचं नाव घेत अंगणात पळाले होते.
"तेही चालतं," बाई म्हणाल्या. "उघडं अंगण चांगलं.
पण पुढच्या वेळी
नाव घेता घेता मोजायला सांग."

वर्तुळ कुणी पुसलं नाही.
शनिवारी इतिहासाचे सर
त्याच्या बाहेरच्या बाजूने
सनावळी लिहीत राहिले.