नाळे बा

खडेबाजारातल्या साडीच्या दुकानात म्हणाले,
सकाळी दहा ते रात्री नऊ, रविवारी पण.
मी म्हटलं, माझे तास दोनला सुटतात,
भूतरामनहट्टीहून बस मिळाली तर साडेतीनला पोचते.
त्यांनी वर पाहिलं नाही.
काठ जुळवत, घडी घालत म्हणाले,
नाळे बा. उद्या ये.

कुंद्याच्या दुकानात, नाळे बा.
टिळकवाडीच्या ट्यूशनवाल्या बाईंनी मराठीतच विचारलं,
इंग्लिश मीडियमची का गं तू? नाही?
कळवते हं मग.
तेही नाळे बाच, साखर लावलेलं.

नंदगडची मावशी सांगते,
मागं एकदा दारादारांवर हेच लिहिलेलं असायचं, खडूनं,
रात्री हाका मारत येणाऱ्या भुतासाठी.
भूत वाचायचं, माघारी जायचं,
दुसऱ्या रात्री यायचं, पुन्हा वाचायचं.
इतकं साक्षर, इतकं ऐकणारं भूत
मला दिसलं गणपत गल्लीतल्या एका काचेत:
खांद्याला सॅक,
हातात बायोडाटाची मऊ पडलेली घडी,
चपलेचा अंगठा तुटलेला.

शेवटी कचेरी गल्लीत इराप्पा मुगळी.
झेरॉक्स, टायपिंग, अर्ज, बाँड.
दोन माणसं आणि एक मशीन मावेल एवढी खोली.
कन्नड वाचायला येतं?
येतं. सावकाश.
सावकाशच वाच, अर्ज कुठं पळून जातात?
वेळ तुझी. दोन तास बसलीस दोन, चार बसलीस चार.
पानाचे पंचवीस, त्यातले बारा तुझे.
चुकलं तर कागद तुझा.

मुचंडीचे गुंडू घाडी आले,
उताऱ्यावर त्यांच्या नावात एक काना जास्त पडलेला.
ते मराठीत सांगत गेले, मी कन्नडात उतरवत गेले.
लिव्ह बाय, आमचं बरोबर हाय, त्येंचं चुकलंय.
त्येंचं चुकलंय, याला कन्नडात
सरकारला चालेल असा शब्द शोधायला
पाव तास गेला.
बारा रुपये तेवढेच.

मग उद्यमबागच्या एका कारखान्याची जाहिरात आली,
तिन्ही भाषांत हवी होती.
इंग्रजीत होतं फ्लेक्सिबल.
मराठीत मी लवचिक लिहिलं, कन्नडात अडले.
इराप्पा पानाला चुना लावत होते.
बग्गुवंथाद्दु, म्हणाले. वाकणारं.
काय वाकणारं अण्णा, काम की कामाला येणारी?
ते हसले, मग हसायचे थांबले.
माणूस उभा आहे, टाइप कर.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, पानं नाहीत.
माझी वेळ माझीच होती,
सकाळपासून रात्रीपर्यंत, अख्खी,
आणि वडगावच्या मेसचे अठराशे बाकी.
तेव्हा मी आमटीत भाकरी जरा जास्त वेळ भिजवायला शिकले.
हे घरी फोनवर सांगितलेलं नाही.

परीक्षेचे नऊ दिवस गेलेच नाही.
कॉस्टिंगच्या पेपरात ओव्हरटाइमचं गणित होतं, बरं सुटलं.
दहाव्या दिवशी गेले तर माझ्या स्टुलावर
टोनरचे दोन रिकामे डबे.
जागा धरून ठेवलीवती, म्हणाले,
नाहीतर बसतंय कोण पण.

काल कडोलीचा एक मुलगा आला, बीसीएचा.
बायोडाटा करायचा होता.
अनुभव: कोरं.
कामाची वेळ: कॉलेज सुटल्यावर केव्हाही.
मी केव्हाही खोडलं.
चार ते आठ, असं लिहिलं.
त्यानं वाचलं, काही बोलला नाही,
खिसे चाचपत राहिला बराच वेळ.
असू दे, म्हटलं. नाळे बा.
तोंडातून गेलं आणि जीभ चावली.

आज आला तो.
दहाच्या दोन नोटा, पाचाचं नाणं,
नाणं मुठीत धरून धरून ओलं झालेलं.