जुळाऱ्याची चूक

लीथच्या बंदरात, मासळीच्या वखारीवर आमचा छापखाना.
खिडकीतून उजेड येतो तो आधीच राखाडी.
मी मर्डो गेडिस, जुळारी. एकतीस वर्षं शिशाचे खिळे उचलतोय.
अक्षरं माझ्यासमोर कायम शीर्षासनात.
उलट्या पायांचं मला काय अप्रूप?

त्या हिवाळ्यात एक कादंबरी आली, तीन खंडांची.
एकविसाव्या प्रकरणात, जेवण चालू असताना,
बुडून मेलेली थोरली बाई येते
नि आपल्या जुन्या खुर्चीत बसते.
ओली बाही. गालिच्यावर ठिबकणारं पाणी.
मेणबत्त्या विझत नाहीत. हे मला आवडलं,
बाकीच्या लेखकांच्या मेणबत्त्या फार भित्र्या असतात.

मग जो तो आपापल्या परीनं घाबरतो.
सर ऑस्रिक घड्याळाला चावी देतात, चालत्या घड्याळाला.
धाकटी बायको गळ्यातला हार मुठीत झाकते;
हार कुणाचा, ते सांगायला नको.
पाद्रीबुवा प्रार्थना म्हणू लागतात,
आणि तिसऱ्या ओळीवर त्यांच्या ध्यानात येतं
की ही तर जेवणाआधीची.
आत्याबाई चमचे मोजतात.
प्रत्येकाच्या तोंडी उद्गारचिन्हं, दोन दोन, तीन तीन.
दिवेलागणीला माझा खण रिकामा.
अँगसकडून नऊ उसनी घेतली,
त्याच्या गुरांच्या लिलावाच्या जाहिरातीतून.

मालकांचा शिकलेला पुतण्या मला समजावत होता, बिस्कीट खात:
खुर्ची म्हणजे हक्क, बाही म्हणजे पाप,
पाणी म्हणजे कधीच न वाळणारी आठवण.
असेल.
मला बाही ओली दिसत होती.
जानेवारीत या खाडीचं पाणी कसं असतं, मला ठाऊक आहे.

हस्तलिखितात पुढे एक ओळ होती, घाईतली, फिकट शाईची:
एक मोलकरीण पुढे झाली. म्हणाली,
बाईसाहेब, हात गारठलेत तुमचे.
बस. नंतर पुन्हा किंकाळ्या, ऑस्रिक, वीज.
ती कुठून आली, पुढे तिचं काय झालं,
तिन्ही खंडांत कुठे पत्ता नाही.

माझी बहीण टिबी. चौदाव्या वर्षी डनबारकडच्या
एका बड्या घरी कामाला लागली.
सहाव्या हिवाळ्यात त्यांनी तिची पेटी परत पाठवली.
आत दोन ॲप्रन, कडक घडीचे,
आणि पत्र: आपल्याकडील मोलकरीण
कफाच्या विकाराने. खाली सही, लफ्फेदार.
नाव फक्त सहीत होतं.

हात थांबला नाही माझा, एवढं खरं.
थांबला असता तर चूक झाली नसती.
मोठ्या अक्षराचा एक खिळा, बारके पाच:
टिबी पुढे झाली.

मुद्रितं गेली. लेखकानं नाव दिलं नव्हतं छापायला,
पण अक्षर बाईचं होतं.
आठवड्यानं कागद परत आले.
समासात, टिबीच्या शेजारी, एक प्रश्नचिन्ह.
त्यावर आडवी रेघ, त्याच शाईची.
आणि खाली, जागा नसताना दाटीवाटीनं बसवलेलं
एक नवं वाक्य, पुतण्याला आजवर उलगडलेलं नाही:
टिबीनं बाही पिळली.

त्याच्यासाठी मला कुणाकडे काही मागावं लागलं नाही.
पूर्णविरामांचा खण भरलेला होता.