भांगाचं पाणी

कॅलेंडरवर अष्टमीभोवती तू पेनानं गोल केलास.
"या दिवशी भांग. पाणी चढतं, पण अंगावर येत नाही.
रुंजीला समुद्र दाखवायचा तर असाच."
हे तुझ्या आजोबांचं गणित.
तू जन्मात होडी वल्हवली नाहीस,
होड्यांची इंजिनं उघडून बसतोस दिवसभर,
तिथी मात्र तोंडपाठ.

निघताना भांडलो, मऊभाताच्या डब्यावरून.
तूप घातलंस का विचारलं, घातलं म्हणालास,
आणि घातलं नव्हतंस.
तोंडवळीपर्यंत स्कूटरवर मी गप्प,
मधे रुंजी, तिची टोपी माझ्या हनुवटीला घासत.
सुरूच्या बनात तू उगाच हॉर्न वाजवलास
तिला हसवायला.
हसू मला आलं. तुला कळू दिलं नाही.

वाळूवर ठेवली तर तिनं दोन्ही पाय वर घेतले.
पुन्हा ठेवली, पुन्हा वर.
सोळा महिन्यांची बाई, जमिनीवर विश्वास नाही.
माझा धीर सुटत चालला होता, सांगून टाकते,
एवढ्या लांब येऊन, असं काहीतरी ओठांवर आलं होतं.
तू आडवा झालास वाळूत, इस्त्रीच्या शर्टासकट,
आणि तिला पोटावर उभी केलीस.
मग पोटावरून मांडीवर, मांडीवरून पावलावर,
आणि पावलावरून तिची तीच उतरली,
पडावातून धक्क्यावर उतरावं तशी.

मग म्हणालास,
"जा, त्या खडकापर्यंत जाऊन ये. एकटी."
पिशवी उचलायला वाकले तर तीही काढून घेतलीस.

मोकळे हात कुठे ठेवतात ते आठवेना.
मागे बांधले, पुढे घेतले,
ओढणीला गाठ मारली, सोडली.
रापण ओढून झाली होती.
जाळं झाडणाऱ्या बायांतली एक म्हणाली,
"चेडवाक खंय ठेवलंस गो?"
"बापाकडे."
"बरा आसा मगे," आणि पुन्हा मासे निवडू लागली.
एवढंच. नशीबवान आहेस म्हणाली नाही,
नवरा मदत करतो हो, असंही नाही.
तेवढ्यासाठी तिच्याकडून पेडवे घेतले,
पैसे मागाहून, भेंडीच्या पानांत बांधून.
झाले हात पुन्हा भरलेले.

मदत हा शब्द मला आवडत नाही.
पण रात्री अडीचला तिला खांद्यावर टाकून
ओट्यापासून दारापर्यंत तू फेऱ्या घालायचास,
अंगाईच्या जागी सुटे भाग मोजत,
पिस्टन, गॅस्केट, प्लग, पंप,
आणि मी भिंतीकडे तोंड करून जागीच असायचे.
त्याला दुसरा शब्द अजून सापडलेला नाही.

खडकावरून पाहिलं:
एक मोठा ठिपका, एक लहान, मधे खड्डा.
पाणी येत होतं सावकाश, खड्ड्यात शिरत होतं,
आणि तू म्हणाला होतास तिथेच थांबत होतं,
एक वीत पुढे नाही.
लग्नाआधी अवसेला आपण धक्क्यावर जायचो
उधाण बघायला, भिजून परतायचो.
भांग बघायला कोण जातं?
अजून थोडं बसावंसं वाटलं. बसले नाही.

परत आले तर मऊभातात वाळू,
आणि ती भाताबरोबर चवीनं खात होती.
"तूप नव्हतं ना," तू म्हणालास, "त्याची भर."
हे तुझं माफी मागणं. ओळखते मी.

येताना ती मधेच झोपली, कानांत वाळू,
मुठीत एक शिंपली, तीही तुटकी.
"उद्या सकाळी तिच्याबरोबर तू उठशील ना, भाल्याला सुट्टी?"
स्वतःचं नाव असं परक्यासारखं घेतोस
काही मागायचं असलं की.
"सहाला देवबागला इंजिन बघायचंय."
"उठते," मी म्हटलं,
आणि पेडवे कोण साफ करणार यावर
कोळंबच्या पुलापर्यंत वाद घालत राहिलो,
हळू आवाजात, ती जागी होऊ नये म्हणून.